ओळखीच्यांची मुलगी

१० जानेवारी

तुझा पत्ता माझ्या ताईकडे होता. एवढी वर्षं तिनं मला ताकास तूर लागू दिली नाही. परवा मी विचारलं तेव्हा कागदावर लिहून दिला आणि म्हणाली, "भांडण उकरून काढणार असशील तर पत्र टाकू नकोस." भांडायला लिहीत नाहीये. आपली भांडणं तेव्हाच करून संपली.

मुंगीचं हे शाळेचं शेवटचं वर्ष. तिला आता मुंगी म्हटलेलं खपत नाही, मैत्रिणींसमोर तर मुळीच नाही. पण तू ठेवलेलं नाव आमच्या तोंडातून जात नाही. तू गेलीस तेव्हा ती टेबलाखाली बसून जेवायची. आता माझ्या खांद्याच्या वर गेली आहे आणि माझा चष्मा हरवला की तीच शोधून देते.

मी अजून लिफ्टदुरुस्तीतच आहे. बंद पडलेल्या लिफ्टपर्यंत पोचायचं तर जिनाच चढावा लागतो, त्यामुळे गुडघे कुरकुरतात. असो.

पोरीला दगडांचं वेड लागलंय. भूशास्त्र म्हणतात त्याला. खिडकीत दगड, फडताळात दगड, माझ्या हत्यारांच्या पेटीतसुद्धा दगड. ताई म्हणते, "दगडापेक्षा वीट मऊ. विटा गोळा केल्या असत्यास तर एव्हाना एक खोली तरी वाढली असती." मुंगी हसते आणि आणखी एक घेऊन येते.

मागच्या आठवड्यात तिच्या भूगोलाच्या बाई घरी आल्या होत्या. त्यांचं म्हणणं, हा विषय नीट शिकायचा तर डोंगराजवळचं कॉलेज गाठावं. मुंगीचे मार्क पाहता तिथे प्रवेश मिळायला हरकत नाही. पण मुंगीनं एकाच कॉलेजचं नाव लिहून दिलंय, तुझ्या गावातल्या. बाई म्हणाल्या, "अगं, तिथे भूशास्त्र म्हणजे एक कपाट आहे, आणि त्याची किल्ली हरवलीय." मुंगी म्हणाली, "तिथली हवा चांगली आहे."

मला काही कळलं नाही. हवेसाठी कॉलेज निवडलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

तू त्या गावात राहतेस म्हणून विचारतो. कॉलेज कसं आहे, तेवढं कळव. बाकी काही विचारायचं नाही.

मुंगीचे बाबा


६ फेब्रुवारी

पत्र मिळालं. इमारत जुनी आहे, शिकवतात बरं, तुझ्या घरापासून पायी जाण्यासारखं आहे, हे सगळं कळलं. शेवटी तू लिहिलंस, "तिला विचारलंय म्हणून सांग."

सांगितलं. लगेच नाही सांगितलं. जेवताना सांगू, भांडी घासताना सांगू, असं ढकलत राहिलो. मग एकदा सकाळी ती दारात बसून बूट घालत होती, तेव्हा खिडकीकडे तोंड करून सांगून टाकलं. ती "बरं" म्हणाली, नाडी बांधली आणि शाळेत गेली. संध्याकाळी आली ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली. "पत्र बघू?"

तिनं ते किती वेळ वाचलं सांगू? एवढुसं पत्र. मग वही काढून स्वतःचं नाव लिहिलं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून म्हणाली, "बाबा, आईचा 'ळ' माझ्यासारखाच आहे. खाली शेपटी येते बघ."

मला राग आला. तुझ्यापासून लपवून काय करू? वेणी घालायला मी ताईकडून शिकलो, दोरखंडाला पीळ घालतात तशी घालायचो आणि पोर दिवसभर डोकं धरून फिरायची. कांजिण्या आल्या तेव्हा तिचे हात धरून बसलो, खाजवू नये म्हणून. एवढ्या सगळ्यात तिनं माझं अक्षर कधी पाहिलं नाही. आणि तुझं ते एक वाक्य तिनं पाठ केलंय.

ताईला हे बोललो तर म्हणाली, "तू रोजचा आहेस रे. रोजच्या माणसाकडे कोण टक लावून बघतं?" बरोबर आहे तिचं.

बाई मागे लागल्यात की निर्णय घ्यायच्या आधी निदान ते डोंगराजवळचं कॉलेज बघून तरी या. ताईचं मत, दुरून डोंगर साजरे. पण मी रजा टाकली आहे. मुंगी यायला तयार नव्हती. "तिथून मला एक चांगला दगड मिळाला तर येते," असा सौदा झाला.

मुंगीचे बाबा


१९ मार्च

जाऊन आलो. तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दिवसभराचा प्रवास. कॉलेज म्हणजे उतारावरच्या ठेंगण्या इमारती आहेत, भिंती कुठे कुठे ओलीनं फुगलेल्या. पण भूशास्त्राच्या इमारतीत शिरलो आणि मुंगी माझ्या शेजारून नाहीशीच झाली. लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूंना छातीएवढे लाकडी खण, आणि प्रत्येक खणात चिठ्ठ्या लावलेले दगड. ती एकेक खण ओढत होती आणि मी मागून बंद करत होतो. कोणी रागावेल म्हणून मला धाकधूक.

शेवटी एक प्राध्यापिका बाहेर आल्या. बारीक कापलेले पांढरे केस, पायात चिखलाचे बूट. मला वाटलं, आता झाडणार. त्यांनी खिशातून एक करडा दगड काढून मुंगीच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "ओळख."

मुंगीनं तो फिरवला, नखानं खरवडला, आणि चक्क जीभ लावली. मी डोळेच मिटले.

"चिकटतोय," ती म्हणाली. "म्हणजे गाळाचा आहे. चिकणमातीचा."

"हे कुठे शिकलीस?"

"चाटून."

बाई इतक्या हसल्या की आतून विद्यार्थी बघायला आले. मग पोरीला आत नेलं, सूक्ष्मदर्शकात दगडाची कागदासारखी पातळ चकती दाखवली. मी दारातून बघत होतो. डोळा लावल्यावर तिच्या तोंडून "अगंबाई" असं निघालं, अगदी तुझ्या सुरात. तो सूर तिला कुठून आला कोण जाणे, माझ्या घरात तसं कोणी म्हणत नाही.

निघताना प्राध्यापिका मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिला इथे पाठवा. एप्रिलअखेरपर्यंत अर्ज घेतो आम्ही." मी मान डोलावली. मला वाटलं, काम फत्ते.

परतीच्या गाडीत तिनं खिडकीजवळची जागा धरली. मग म्हणाली, "बाबा, कॉलेज फार छान आहे. पण मी तिकडेच जाणार."

"त्या कपाटासाठी?"

"तिथे गेले तर रविवारी आईकडे जेवायला जाता येईल." आणि मग बांध फुटल्यासारखी बोलत सुटली. रोज नाही जाणार, रोज गेलं तर जड होतं. फक्त रविवारी. जाताना काहीतरी घेऊन जाणार. जेवण झाल्यावर भांडी घासणार, म्हणजे आईला त्रास नाही. परीक्षा असली तर आई म्हणेल, नको येऊस, अभ्यास कर. "असंच म्हणतात ना आया?" मला विचारते.

समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत होते. त्यांनी पेपर जरा वर धरला आणि तो मग खाली घेतलाच नाही.

पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की ती हे कॉलेज का निवडतेय ते कळत नाही. कळत होतं. तिनं तुझं घर निवडलंय, कॉलेज त्या रस्त्यावर आहे एवढंच.

म्हणून आता स्पष्ट विचारतो. तिच्यासाठी तुझं दार उघडेल का? उघडणार असेल तर माझी ना नाही. भूशास्त्र नाही तर नाही, आई तर मिळेल. पण उघडणार नसेल तर आत्ताच सांग, अर्जाची मुदत संपायच्या आधी.

मुंगीचे बाबा


१२ एप्रिल

आम्ही तुझ्या गावचं कॉलेज बघायला आलो त्या दिवशी तू भेटायला आलीस याबद्दल मी खरंच आभारी आहे. तुझं मागून आलेलं पत्रही वाचलं. तुझ्या नवऱ्याला मुंगीबद्दल माहीत आहे, सासूला आणि तुझ्या धाकट्या मुलीला नाही. धाकटी ऐन वेळी मागे लागली, घरी ठेवता आली नाही. ती घरी जाऊन आजीला सगळं सांगते, म्हणून तोंडातून तसं निघून गेलं. तुझी अडचण मला समजते. लग्न टिकवणं सोपं नसतं, हे मी नाही जाणणार तर कोण.

पण तू घाईत निघून गेलीस, म्हणून तुला जे दिसलं नाही ते लिहितो.

मुंगी सकाळपासून फाटकाच्या खांबाला टेकून उभी होती. मी म्हटलं, आत सावलीत बसू. तर म्हणे, "आतून ती येताना दिसणार नाही." रस्त्यावरून येणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघून मला विचारायची, "ही?" मला वाटलं होतं, फोटो पाहिलेत, ओळखेल. पण फोटोतलं माणूस चालताना कसं दिसतं ते कळत नाही ना.

मग तू आलीस. पुढे ती छोटी पळत होती आणि तू मागून हाक मारलीस, "मुंगे, सावकाश. पडशील."

आणि दोघींनी वळून पाहिलं.

तुझा चेहरा मी पाहिला. तुझ्या ते त्या क्षणीच लक्षात आलं हे मला कळलं. मी काही त्यावरून तुला बोल लावत नाही. एखादं नाव माणसाच्या जिभेवर बसलेलं असतं, लेकरू दिसलं की तेच बाहेर येतं. पण आपली पोर एक पाऊल पुढे आली होती. हाकेला ओ द्यायला तिचं तोंड उघडलं होतं. ते तिनं कसं मिटलं, ते मी पाहिलं.

पुढचं तुला माहीत आहे. छोटीनं विचारलं, "ही ताई कोण?" आणि तू म्हणालीस, "ओळखीच्यांची मुलगी आहे. इथे कॉलेज बघायला आलीय."

मला वाटलं, आता ही रडेल किंवा काहीतरी बोलेल. ती छोटीसमोर गुडघ्यावर बसली, तिच्या बुटाची सुटलेली नाडी बांधून दिली, आणि तुझ्याकडे बघून म्हणाली, "तुमची मुलगी गोड आहे."

तुमची म्हणाली. सकाळपर्यंत गाडीत माझ्याशी बोलताना तू तिच्यासाठी 'तू' होतीस. आई असं म्हणेल, तू असं करशील, याची तालीम चालली होती.

तू गेल्यावर आम्ही कॉलेज बघितलं. ते कपाट खरंच आहे. किल्ली सापडली आहे म्हणे. तिनं शिपायाला दोन-चार प्रश्न विचारले, वाचनालय पाहिलं, सगळं रीतसर. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "मुंगे, आता तरी डोंगराचा अर्ज भरू या."

ती म्हणाली, "का?"

"अगं, का म्हणजे?"

"ओळखीच्यांची मुलगीसुद्धा रविवारी जेवायला जाऊ शकते बाबा. लोक बोलावतात. परगावी शिकायला आलेल्या मुलींना बोलावतातच."

याचं उत्तर तुला सुचत असेल तर कळव.

मुंगीचे बाबा


२० एप्रिल

तुझं पत्र आलं. तू लिहितेस, येऊ दे तिला, सासूला ओळखीच्यांची मुलगी म्हणूनच सांगू, हळूहळू वेळ बघून खरं सांगता येईल, आता वेळ द्या मला.

मी दोन दिवस हे डोक्यात घोळवत फिरलो. काल एका सात मजली इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा राहून दोर तपासत होतो आणि तरी मनात तेच. ताईशी बोललो. ती म्हणाली, "तिच्या सासूनं समजून घेतलं तर? छोटीनं लळा लावला तर?" मी म्हटलं, "ताई, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं." मुंगीची आत्याबाई तीच, म्हणून एरवी या म्हणीवर घरात हसू होतं. काल कोणी हसलं नाही.

मी तुला काय दिसतंय ते सांगतो. आपली पोर दर रविवारी तुझ्या घरी पाहुणी म्हणून जाईल. चुकून आई म्हटलं जाऊ नये म्हणून जीभ आवरून बसेल. छोटीला तू मुंगी म्हणून हाक मारशील आणि ही ताटातून मान वर काढणार नाही, सवय करून घेईल. ती फार शहाणी आहे, ती हे सगळं जमवेल. त्याचीच मला भीती वाटते. तीन-चार वर्षं ती हे जमवत राहील, आणि डोंगरावरच्या खणांत कोणी दुसरीच मुलगी हात घालत असेल.

मी तिला समजावून पाहिलं. बाईंनी समजावलं. तिला जोवर दार किलकिलं दिसतंय तोवर ती तिथून हलणार नाही. ते दार माझ्या हातात नाही, तुझ्या हातात आहे.

म्हणून मागतो. तिला पत्र लिही. लिही की येऊ नकोस. कारण वगैरे सांगत बसू नकोस, कारण सांगितलंस तर ती तुझी अडचण दूर करायच्या मागे लागेल. वेळ दे असंही लिहू नकोस, ती जन्मभर वेळ देईल. नुसतं नको म्हण.

मी काय मागतोय हे मला कळतंय. पहिल्या पत्रात म्हटलं होतं, बाकी काही विचारायचं नाही. आणि आता हे विचारतोय. तुला पटलं नाही तर हे पत्र फाडून टाक, मी पुन्हा विषय काढणार नाही. ती सामान घेऊन तुझ्या गावी येईल, मी तिला पोचवायला येईन.

मुंगीचे बाबा


३ मे

तुझं पत्र तिला शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मिळालं.

मी घरीच होतो. तिनं पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि इतकी खूश झाली की पाकीट फाडलं नाही, सुरीनं उघडलं. ओट्याशी उभी राहून वाचलं. मी पुढ्यातल्या कपाकडे बघत होतो. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "बाबा, यात काय आहे ते तुला माहीत आहे?"

मी नाही म्हणालो.

तिनं पत्र माझ्यासमोर ठेवलं. तेव्हा मी ते पहिल्यांदा वाचलं. मी तुझ्याकडे नुसता नकार मागितला होता. तू लिहिलंस, "मी माझा संसार उभा केला आहे आणि त्यात तुला जागा नाही. तुला पाहून मला आनंद झाला नाही." हे शेवटचं मी मागितलं नव्हतं.

तिनं चप्पल अडकवली आणि म्हणाली, "बाई घरी असतील ना आता?" आणि गेली. डोंगराचा अर्ज बाईंच्या घरी बसून भरला, रात्रीच्या गाडीनं त्यांच्याबरोबर जाऊन दुसऱ्या दिवशी दिला. परत आली त्या संध्याकाळी न्हाणीघरात पाण्याचा नळ बराच वेळ सोडलेला होता. ताई दाराबाहेर स्टूल टाकून बसली. हाक मारली नाही, नुसती बसली. नळ बंद झाल्यावर उठून गेली.

मला वेगळी चिठ्ठी पाठवलीस तीही मिळाली. "किती कागद फाडले ते विचारू नकोस. सौम्य लिहिलं की त्यात फट राहत होती. तिला हे कधीही सांगू नकोस, माझ्यावर राग असला तर ती तिकडे रमेल." ही चिठ्ठी कामावर गेल्यावर उघडली ते बरं झालं. लिफ्टच्या मशीनरूमचं दार आतून लावून बसलो. खालून लोक बेल वाजवत राहिले.

ती वाक्यं लिहिताना तुझ्यावर काय गुजरलं असेल हे मला विचारता येत नाही. सोबत राहत होतो तेव्हाही असलं काही विचारता आलं नव्हतं. पण आपण दोघांनी मिळून काही केलं असेल तर ते हे. दुसरं मला आठवत नाही.

बाबा


२६ सप्टेंबर

तू विचारलंस म्हणून लिहितो. ती बरी आहे. चांगली आहे.

तिला प्रवेश मिळाला, जुलैत पोचवून आलो. वसतिगृहाची खोली दोघींत आहे, खिडकीतून उतार दिसतो. खोलीतल्या मैत्रिणीनं गप्पांत विचारलं, तुझी आई काय करते. मुंगी म्हणाली, "मला आई नाही." मी तिथेच पलंगाची गादी घालत होतो. ती मुलगी ओशाळली, मला म्हणाली, "सॉरी काका." मी गादीच्या कडा नीट खोचत राहिलो. हे तुला कळवू नये असं वाटत होतं, पण तू लिहिलं आहेस की सगळं कळव, गोड करून सांगू नकोस.

वसतिगृहाचा पत्ता मागितला आहेस, लांबून नुसतं बघून येईन म्हणतेस. मी तिला आडून विचारून पाहिलं, कोणी ओळखीचं तिकडे येणार असलं तर भेटशील का. ती म्हणाली, "कोण? ती असेल तर नको." म्हणून पत्ता देत नाही. राग मानू नकोस.

ताईला आता सगळं माहीत आहे. ती म्हणते, पोरीला खरं सांगून टाक, आईला फुकट शिव्याशाप कशाला. मी म्हणतो, मी शब्द दिलाय. त्यावर आमची दर दोन दिवसांनी जुंपते.

परवा दुपारी मुंगीचा फोन आला. त्या प्राध्यापिकेबरोबर चार दिवस डोंगरात राहून आली होती. घसा बसलेला, पण बोलणं थांबेना. एका कड्यात समुद्राचा गाळ सापडला, एवढ्या उंचावर, शिंपल्यांसकट. बाईंनी तिच्याकडून त्याचं चित्र काढून घेतलं आणि वर्गात लावलं. मी आपला "हो का, हो का" करत होतो. तिचा आवाज असा मी ती लहान असतानाही ऐकला नव्हता.

मग म्हणाली, "बाबा, एक सांगू? बरं झालं तिनं नको म्हटलं. नाहीतर मी तिथेच बसले असते."

तुझं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. खरं सांगतो, आलं होतं.

मी "हो" म्हणालो. मग विचारलं, जेवलीस का.

बाबा